साडेतीन तास

आषाढात दीड तास घ्यायचा,
श्रावण लागला तेव्हा दोन.
नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात साडेतीन तास फिरला
आणि दार उघडलं तर
चादरी गरम आणि ओल्या,
हळदीच्या पानातून नुकत्या काढलेल्या पातोळ्यांसारख्या.

सात होमस्टे, एकवीस खोल्या,
खोलीगणिक चार टॉवेल
आणि वेळागरची वाळू, ती फुकट येते.
आरोंदेकर वहिनी फोनवर: आमच्या निळ्या चादरी?
फिरतायत, मी म्हटलं.
खोटं नव्हतं.

सासरे, बाबल मडवळ,
चाळीस वर्षं कातळावर कपडे वाळवलेला माणूस.
लुगड्याच्या कुठल्या कोपऱ्यावर दगड ठेवायचा
ते वारा बघून ठरवायचे.
त्यांचं निदान: "करंटच नाय गो. बल्ब बघ कसो मिणमिणता."
मीटर लावला. दोनशे दहा.
"मगे खारो वारो,"
म्हणाले, आणि पान लावायला बसले.

चौथ्या दिवशी सावंतवाडीहून इनास फर्नांडिस आला,
फेरीचे पैसे आधी सांगून.
कॉइल ठीक. पट्टा ठीक.
जाळी काढून उजेडाकडे धरली.
"ही साफ करता?"
रोज. प्रत्येक घाण्याला.
मग म्हणाला, वहिनी, तुम्ही भरता जास्त.
म्हणजे दोष माझा.
साडेचारशे रुपये.

त्या रात्री अर्धंच भरलं.
तेवढंच ओलं निघालं.

माझं माहेर मिठागरातलं.
ऊन रणरणत असूनही मीठ बसत नाही
असे दिवस असायचे, वारा पडलेला असला की.
वाफ्यातलं पाणी तापून नुसतं बसून राहायचं,
जायला कुठे नाही म्हणून.
हे आठवलं पावणेदोनला,
ड्रायरला पाठ टेकून बसले होते तेव्हा.
पाठ चांगलीच भाजत होती.

पहाटे देवापुढची उदबत्ती उचलून
भिंतीच्या मागे गेले,
बिमलीखाली, जिथे नळी बाहेर येते.
आत यंत्र घरघरत होतं.
नळीच्या तोंडाशी उदबत्ती धरली.
धूर सरळ वर गेला,
देव्हाऱ्यात जातो तसा.

झाकणाच्या फटीत कुंभारमाशीने
मातीची तीन मडकी बसवलेली.
मोडताना हात अडला थोडा.
तिन्हींना भोकं होती, पोरं उडून गेलेली.
बरं झालं.
मग माडाचे हीर बांबूला बांधले
आणि आत घालून ओढलं.

आलं ते हातभर,
मग आणखी हातभर,
करडं, मऊ, मांजराच्या शेपटीसारखं.
आरोंदेकरांच्या चादरींचा निळा थर,
त्याखाली मे महिन्यातला पांढरा,
मध्येच बोटभर गुलाबी:
लाल टॉवेल चुकून आत गेला होता
आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं,
तो दिवस.

पावणेसातला घाणा लावला.
सात पस्तीसला थांबला.
चादर गालाला लावून बघितली.
दुसरी बघितली.
पहिली परत बघितली.
इनासला फोन केला. म्हणाला,
"तेच सांगणार होतो."

सासऱ्यांनी तो पुंजका उचलला,
न बोलता मागीलदारी नेला.
न्हाणीच्या चुलीत पंधरा दिवस
ओली सोडणं नुसती धुमसत होती.
पुंजका आत सारला,
कोयत्याच्या टोकाने राख उकरून चुलीचं तोंड मोकळं केलं,
काडी ओढली.

एकाच काडीत.

"आज पयली आंघोळ तू कर," म्हणाले,
आणि हंड्यावरचं झाकण
माझ्या बाजूने सरकवलं.